भिंतीवरचे माहेर : वसईतील ख्रिस्ती स्त्रियांच्या समाजमाध्यमांवरील लेखनाविषयी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आढावा घेणारे लेख आजवर पुष्कळ झाले आहेत. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून आरंभ करावा, रेव्हरंड टिळकांपाशी काही काळ थांबावे, लक्ष्मीबाईंना वंदन करावे आणि मग वसईकडे वळून ‘सुवार्ता’ मासिकाने घडविलेल्या लेखकांची नावे घ्यावीत, अशी या लेखांची एक वहिवाट पडून गेली आहे. मीही त्या वाटेने एकाहून अधिक वेळा गेले आहे. तेव्हा हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या अवतीभोवती जे लेखन सर्वांत अधिक होत आहे, त्याचा या आढाव्यांत मागमूसही नसतो. गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, वाघोली, आगाशी या वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांतील ख्रिस्ती स्त्रिया, आणि लग्नाच्या वा नोकरीच्या निमित्ताने तेथून दूर गेलेल्या त्यांच्या बहिणी, फेसबुकवर, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि यूट्यूबवर नित्य काही ना काही लिहीत-बोलत असतात. कोणी कादोडीत, कोणी वाडवळीत, कोणी शाळेत शिकलेल्या मराठीत, तर कोणी या सर्वांची इंग्रजीशी सरमिसळ करून. त्यात पाककृती असतात, आठवणी असतात, मृत्युलेख असतात, प्रार्थना असतात आणि भांडणेही असतात.

हे लेखन आहे असे त्या स्वतःही म्हणत नाहीत. ‘लिहिले’ हे क्रियापद त्यांच्या तोंडी क्वचितच येते; त्या ‘टाकले’ असे म्हणतात. सडा टाकावा, भाकरी टाकावी, तसे. या क्रियापदात विनय आहे आणि थोडी सावधगिरीही आहे. जे लिहिले त्याचा जाब विचारला जातो. जे सहज टाकले ते सहज मागेही घेता येते. आपल्या समीक्षेने मात्र या विनयाचा शब्दशः अर्थ घेतला आणि ते लेखन नाहीच, असे ठरवून ती मोकळी झाली.

येथे एक मर्यादा आरंभीच नमूद करते. मी स्वतः स्त्रियांच्या अशा दोन-तीन बंदिस्त गटांची सभासद आहे. तेथे जे विश्वासाने बोलले जाते ते उद्धृत करण्याचा मला अधिकार नाही, आणि या लेखात तसे एकही वाक्य आढळणार नाही. ज्या समीक्षेला आपल्या साहित्यकृतीतील ओळ दाखविता येत नाही ती कसली समीक्षा, असे कोणी म्हणेल. ते मान्य करून मी त्या लेखनाच्या घाटाविषयी आणि त्यामागील धारणेविषयी बोलणार आहे.

वसईच्या ख्रिस्ती स्त्रीला दोन प्रश्न जन्मभर पुरतात. पहिला प्रश्न बाहेरचा. आडनाव डिसोजा, लोपीस, डाबरे किंवा तुस्कानो, आणि बोलणे अस्खलित मराठी. तेव्हा ‘तुम्ही इतके छान मराठी कसे बोलता?’ असे तिला लोकल गाडीत, कचेरीत, रुग्णालयात विचारले जाते. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, या दोन तारखांच्या मध्ये आपल्या पूर्वजांना आडनावे मिळाली. भाषा तीच राहिली. हा इतिहास गाडीच्या डब्यात उभ्याने सांगता येण्याजोगा नाही. दुसरा प्रश्न आतला. गावात शिरताच वयस्कर बाई विचारते, ‘तू कोणाची गो?’ कोणत्या घराची, कोणाची लेक, कोणाची सून. पहिल्या प्रश्नात तिचे मराठीपण संशयित ठरते. दुसऱ्यात तिचे असणे दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर मांडले जाते.

आपल्या समाजाने नावाच्या द्वारे आपले स्थान ठरविण्याचा प्रयत्न पूर्वीही केला आहे. मुंबई व साष्टीतील मूळच्या कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन करून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोवा व मंगळूर येथून आलेल्या धर्मबंधूंहून आपण निराळे आणि येथलेच, हे सरकारदरबारी दिसावे असा त्यामागे हेतू होता. ते नाव पुरुषांनी, सभेत, ठराव करून घेतले. आजची स्त्री ते काम एका लहानशा चौकटीत करते. फेसबुकवर नाव नोंदविताना शाळेतल्या मैत्रिणींनी आपल्याला ओळखावे म्हणून ती माहेरचे आडनाव मधे घालते. विवाहाच्या नोंदवहीनंतर, आधारपत्र व शिधापत्रिका यांच्या दृष्टीने, ते आडनाव पुसले गेलेले असते. येथे ते पुन्हा प्रकट होते. मला तर हा या लेखनातला पहिला आणि सर्वांत छोटा पाठ वाटतो. काहीजणी गावाचे नावही जोडतात. ‘तू कोणाची?’ या प्रश्नाला तिने स्वतःच्या हाताने दिलेले ते पहिले उत्तर होय.

लिपीविषयी जाता जाता एक सांगावेसे वाटते. आरंभी मोबाइलवर देवनागरी अक्षरे सहज उमटत नसत, तेव्हा या स्त्रिया मराठी आणि कादोडी रोमन अक्षरांत लिहीत. आजही अनेकजणी लिहितात. यावर भाषाप्रेमी मंडळी नाके मुरडतात. परंतु ज्या ‘ख्रिस्तपुराणा’चा आपण सार्थ अभिमान बाळगतो, तेही रायतूर येथे रोमन लिपीतच छापले गेले होते, कारण मराठीचे खिळे उपलब्ध नव्हते. साधन नसेल तेव्हा परक्या अक्षरांत आपली भाषा लिहिण्याची परंपरा आपल्याकडे चारशे वर्षांची आहे.

या लेखनाचा घाट कोठून आला, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. आत्मचरित्राशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फसते. आत्मचरित्राला आरंभ-अखेर असते आणि एक ‘मी’ सलग बोलत असतो. येथे चार ओळी असतात, मग दुसरीच्या दोन ओळी, मग तिसरीचे एक नाव, मग पहिलीचा उलगडा. मला याचे मूळ जात्यावरच्या ओवीत दिसते. पहाटे दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसत; एक ओळ टाकी, दुसरी ती उचलून धरी. (तेथेही क्रियापद ‘टाकणे’च.) ओवीत सासर थेट नावानिशी येत नसे, माहेरच्या वाटेवरच्या झाडाचे, भावाच्या घोड्याचे, आईच्या अंगणाचे वर्णन येई आणि ऐकणारीला न सांगितलेले कळे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागापासून आरंभ करून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येक ‘पारी’ या संकेतस्थळावर, गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि छायाचित्रासह, आज ऐकावयास मिळतात. जाते अडगळीत गेले आणि ओवी मोबाइलमध्ये आली. फादर स्टीफन्स यांनी आपल्या पुराणासाठी ओवीच निवडली होती, हेही येथे आठवते.

परंतु हे साम्य फार ताणू नये, कारण जात्याचे एक वैशिष्ट्य भिंतीपाशी नाही. पहाटेच्या जात्यापाशी पुरुष नसत. फेसबुकच्या भिंतीसमोर सासू, दीर, नवऱ्याचे सहकारी, शाळेतले गुरुजी, धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि कॅनडातली आतेबहीण एकाच वेळी उभी असतात. एकाच वाक्याने या सर्वांशी बोलावयाचे, ही अडचण लक्ष्मीबाईंनाही नव्हती. या अडचणीतून आपल्या स्त्रियांनी जो मार्ग काढला आहे त्याचे कौतुक वाटते. त्यांनी आपले बोलणे तीन ठिकाणी वाटून टाकले. बंदिस्त गट हे त्यांचे जाते. फेसबुकची भिंत ही पेठ. तेथे नटूनथटून जावयाचे. आणि तिसरे ठिकाण म्हणजे व्हॉट्सॲपचे ‘स्टेटस’. २०१७ साली आलेली ही सोय चोवीस तासांत आपोआप पुसली जाते. त्यात चित्र, गाण्याचा तुकडा, वचन, काहीही लावता येते. आणि मुख्य म्हणजे ते कोणाला दिसू नये हे ठरविता येते. मला या तिसऱ्या प्रकारात सर्वांत अधिक वाङ्मयीन गंमत दिसते. कोणत्या लेखकाला आजवर आपल्या वाचकांतून नेमकी चार माणसे वगळून लिहिता आले होते? दुःखी मातेचे साधे चित्र, खाली एक शब्द, आणि वगळलेल्यांत सासरची तीन नावे. हा मजकूर अर्धा चित्रात आहे आणि अर्धा त्या वगळण्यात. तो वाचणारीला, आपण वगळलो गेलो नाही, एवढ्यानेच बरेच काही समजते. जवळीक मोजण्याचे इतके सूक्ष्म माप आपल्या कथाकारांना क्वचितच साधले असेल.

आता भिंतीवरच्या लेखनाकडे, आणि येथे माझा सूर बदलणे अपरिहार्य आहे.

भिंतीवर सर्वांत अधिक काय येते? लाल लुगड्यातील छायाचित्रे. फुगे, इंद्याळ, सांदणे, बाटली मसाला यांच्या कृती. लग्नातील गीते व उंबराच्या पाण्याचा विधी. राजेळी केळीच्या सुकेळ्यांच्या आठवणी. विहीर, रहाट, वाडीतला मोगरा, पहाटेच्या गाडीने दादरला भाजी-फुले घेऊन जाणारी आजी. हे सर्व मोलाचे आहे. कादोडी ही घरातच बोलावयाची, चारचौघांत लाज वाटावयाची बोली, ती या स्त्रियांनी चारचौघांत आणली. मुलांना इंग्रजी शाळेत घालून घरातही इंग्रजी बोलू लागलेल्या आयांच्या पिढीनंतर हे घडत आहे, हे विसरता कामा नये. कृती सांगताना त्या जी मापे देतात (मूठभर, बोटाच्या पेरापर्यंत पाणी, वास येईपर्यंत) ती शिकविलेल्या गद्यात सापडणार नाहीत. मी असे कितीतरी मजकूर आनंदाने वाचते.

तरीही सलग वाचू लागले की एक गोष्ट खटकते. हे माहेर कोणाचेच काही देणे लागत नाही. त्या विहिरीवर कधी भांडण झाले नव्हते, त्या वाडीच्या सात-बाऱ्यावर कोणाचे नाव आहे हे कोणालाच ठाऊक नाही, आणि भाजी विकून आलेल्या आजीच्या कनवटीला पैसे राहत होते की आजोबांच्या हाती जात होते, याची वाच्यता नाही. लुगडे नेसून छायाचित्र काढणाऱ्या मुलीला ते लुगडे रोज नेसून शेणगोठा करणाऱ्या बाईविषयी प्रश्न पडत नाही. आपली संस्कृती म्हणजे समाजाने ज्याला टाळी द्यावी तेवढीच, असा एक संकेत तयार झाला आहे. टाळी तत्काळ मिळते. अंगठे आणि हृदये मोजता येतात. मग पुढचा मजकूर त्या मापाने बेतला जातो. यात मी त्या स्त्रियांना दोष देत नाही. ‘तू कोणाची?’ या प्रश्नाच्या उत्तरात ज्यांना आजवर केवळ दुसऱ्याचे नाव सांगावे लागले, त्यांना ‘तू आमची’ असे शेकडो जणांनी एका दुपारी म्हणावे, ही गोष्ट लहान नाही. प्रश्न एवढाच की त्या ‘आमची’साठी काय झाकावे लागते.

काय झाकावे लागते, ते एका कागदाच्या उदाहरणाने सांगते. वसईची जमीन भाजीची होती तोवर बहिणींचा वाटा हा बोलण्याचा विषय नव्हता. इमारती उभ्या राहू लागल्या आणि गुंठ्याला भाव आला, तसा ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द घरोघरी ऐकू येऊ लागला. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती समाजाला, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्या कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. केरळातील त्रावणकोर भागात हा कायदा लागू मानला जात नव्हता आणि तेथील ख्रिस्ती मुलींना नाममात्र वाटा मिळे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली तो अडथळा दूर झाला. आपल्याकडे असा अडथळा कधी नव्हताच, म्हणून आपल्याकडे कोणी मेरी रॉय झाली नाही. आपल्याकडे कायदा नीट आहे आणि बहीण प्रेमाने सही करते. सही करणारी ती काही भोळी नसते. माहेरचे दार उघडे राहावे, सणाला बोलावणे यावे, आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला पहिल्या बाकावर जागा मिळावी, याची ती किंमत असते, आणि ती किंमत तिला नेमकी ठाऊक असते.

हा अनुभव आपल्या समाजातील असंख्य स्त्रियांचा आहे. भिंतीवर मात्र त्याची एक ओळ दिसत नाही. ज्या आठवड्यात सही झाली त्याच आठवड्यात माहेरच्या विहिरीचे जुने छायाचित्र भिंतीवर येते आणि खाली ‘बालपणीचे दिवस’ असे लिहिलेले असते. ते छायाचित्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही. उलट, ओवीची रीत ठाऊक असणाऱ्याला ते आक्रोशासारखे ऐकू येईल. पण ओवी ऐकणारी समोर होती, ती दळण थांबवून विचारू शकत होती. येथे खाली एकशे चाळीस लोक ‘किती सुंदर’ म्हणून निघून जातात. आपले म्हणण्याची ही तऱ्हा मला अस्वस्थ करते.

अशा वेळी ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावीत. लक्ष्मीबाईंइतकी आपलेपणाची भूक क्वचितच कोणाला असेल, आणि तिच्याइतके आपलेपण क्वचितच कोणी गमावले असेल. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची काही वर्षे तिने पतीवाचून, नातलगांच्या आश्रयाने काढली. पुढे ती त्यांच्याकडे परतली आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाली. या दोन तीरांमधील प्रवास ती कसा सांगते? वडिलांच्या सोवळ्याचे वेड, आपले स्वतःचे सोवळे कसे पायरीपायरीने गळत गेले, नवऱ्याचा तापट स्वभाव, हातचे सारे वाटून टाकण्याची त्यांची सवय, त्यापायी घरात होणारी ओढाताण, यांतले काही ती लपवीत नाही. आणि कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाही. ती हसते. टिळकांना संतपदी बसविलेले पाहू इच्छिणारा वाचकवर्ग तेव्हा होताच, आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने १९३४ पासून येऊ लागली तेव्हा तो वर्ग काय म्हणेल याची तिला कल्पना नसेल असे नाही. तरी तिने टिळकांना माणूसच ठेवले. तिचे टिळकांवरील प्रेम वाचकाला पटते ते याच कारणाने. ज्याचे देणे-घेणे मांडले आहे तेच घर तिच्या पुस्तकात घर वाटते.

पंडिता रमाबाईंची पत्रे ही दुसरी आठवण. १८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्यास त्यांनी नकार दिला; संस्कृतपेक्षा लॅटिन अधिक पवित्र कशी, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न त्यांनी आपल्यावर माया करणाऱ्या धर्मभगिनींनाच, त्यांच्याच छत्राखाली राहून विचारला. ती पत्रे पुस्तकरूपाने निघाली १९७७ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांनी. आपले मानणाऱ्यांशीच वाद घालण्याची ती धमक खाजगी पत्रात शक्य झाली. उघड्या भिंतीवर ती झाली असती का, याचे उत्तर मला देता येत नाही.

अर्थात सगळेच लेखन झाकणारे नाही. मृत्युलेखांत मला वारंवार वेगळे काही दिसते. आई गेल्यावर मुलगी जे लिहिते त्यात आईचे कष्ट, तिने गिळलेले शब्द, तिला शिकू न दिल्याची हकिकत अकस्मात बाहेर येते. मृत व्यक्तीचा मान राखण्याच्या मिषाने जिवंतांविषयी खरे बोलता येते. २०२० साली मार्चअखेर चर्चे बंद झाली तेव्हाही असेच काही घडले. मिस्सा पडद्यावर पाहावयाची वेळ आली, आणि मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी जमता येईना, तेव्हा मोबाइलवरून जपमाळ चालविण्याचे काम अनेक घरांतील स्त्रियांनी उचलले. सुरुवातीस पाठ असलेल्या प्रार्थना होत्या. हळूहळू रहस्यांच्या मधे त्या स्वतःच्या शब्दांत विनंत्या करू लागल्या. नोकरी गेलेल्या नवऱ्यासाठी, दारू पिऊन बसलेल्या मुलासाठी, नावे न घेता पण सर्वांना कळतील अशा. प्रापंचिक स्त्रीची प्रार्थना ही आपल्याकडे एक मौखिक वाङ्मयप्रकार म्हणून कधी विचारात घेतली गेलेली नाही. त्या दिवसांचे ध्वनिमुद्रण कोणी जपले असेल तर ते मोलाचे आहे.

पण जपणार कोण? हा लेखनप्रकार ज्या जागेवर उभा आहे ती जागा भाड्याची आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी जणींच्या तारुण्यातील मैत्रीचा पत्रव्यवहार तेथे होता. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांनी केलेला विनोद व अभिनय एका रात्रीत दिसेनासा झाला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, कारण त्यांच्यापाशी वही होती. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापर्यंत पोचली त्यात तिच्या मुलाचा, देवदत्त टिळकांचा, वाटा मोठा आहे. आजच्या आईचा मोबाइल बिघडला की मुलगा नवा आणून देतो, आणि जुना बदली देऊन टाकतो.

आणखी एक नष्टचर्य आहे, ते नावाचे. चांगली पाककृती, चांगली आठवण, चांगली प्रार्थना एका गटातून दुसऱ्या गटात जाते आणि तिसऱ्या गटापर्यंत लिहिणारीचे नाव गळून पडते. ‘संग्रहित’ एवढाच शेरा उरतो. ओवीलाही कर्तीचे नाव नसे, मग याचे दुःख का, असे कोणी विचारील. फरक असा की ओवी निनावी होती तेव्हा ती सर्वांचीच निनावी होती. येथे धर्मगुरूंचे प्रवचन पुढे जाते ते त्यांच्या नावासह, डॉक्टरांचा सल्ला जातो तो पदवीसह. निनावी होते ती बाईच. शोमरोनी स्त्रीची कथा मला या संदर्भात नेहमी आठवते. ती घागर विहिरीपाशी टाकून गावात धावते, तिच्या शब्दावरून लोक प्रभूकडे येतात. आणि मग तेच लोक तिला सांगतात की आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यामुळे राहिलेला नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. योहानाने तिचे नाव दिलेले नाही. धर्माच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे योग्यच आहे. परंतु घागर टाकून धावलेल्या बाईला ते ऐकताना काय वाटले असेल, हे प्रवचनांत येत नाही.

व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांतील वावराविषयी एक चिंतनपर दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि त्यात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आधारभूत धरला. या वाटेवर जखमी पडलेला कोण आणि त्याचा शेजारी कोण, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडे मात्र या विषयावरची बहुतेक प्रवचने आईने मोबाइल बाजूला ठेवून मुलांकडे लक्ष द्यावे, येथवर येऊन थांबतात. त्या मोबाइलमध्ये ती काय लिहीत होती, हे ऐकण्याची उत्सुकता मला अद्याप कोठे दिसलेली नाही.

बंदिस्त गटांतला मजकूर उद्धृत करणार नाही, असे मी आरंभी म्हटले. तो शब्द मी पाळला आहे. शेवटी एका गोष्टीचा उल्लेख, संबंधित स्त्रीच्या अनुमतीने, करते. गटात कधी कधी रात्री उशिरा एखादा दीर्घ मजकूर येतो, आणि सकाळी त्या जागी तो काढून टाकल्याची एक फिकट सूचना तेवढी उरलेली असते. कोणी विचारीत नाही. मागील पावसाळ्यात असे झाले तेव्हा त्या सूचनेच्या खाली कोणीतरी जास्वंदीचे फूल आणि सुप्रभात टाकले होते, आणि त्यावर बाराजणींनी हात जोडले होते. मी त्या बाईला फोन केला. मजकूर तिने पुसला होता, पण त्याआधी तो तिने आपल्या मुलीच्या वहीत उतरून ठेवला होता. तिने तो मला वाचून दाखविला. त्यात जमीन होती, भाऊ होता, आणि सही केल्यावर भावाच्या बायकोने केलेल्या चहाचे दोन वाक्यांत वर्णन होते. अशी दोन वाक्ये मी अलीकडे कोणत्याही दिवाळी अंकात वाचलेली नाहीत. ते या त्रैमासिकाकडे पाठवावे, असे मी तिला सुचविले. नावानिशी की नावाशिवाय, असे तिने विचारले. तिचे ती ठरवील, असे मी म्हणाले. वही अजून तिच्याच घरी आहे.